पांढरं मूळ, काळं मूळ

जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या तेव्हा कुन्झेस लेहच्या बाजारात स्पालझेसच्या टोपलीसमोर उकिडवी बसली होती. ऑफिस सुटलं होतं, सलगम घ्यायचे होते, आणि स्पालझेस युर्गोहून दोन दिवसांपूर्वीच आली असल्यामुळे गावच्या चार गोष्टी ऐकायच्या होत्या. कोणाचा याक दरीत गेला, कोणाच्या सुनेला मुलगी झाली, खिंडीत पहिलं बर्फ पडलं. बोलता बोलता स्पालझेसनं गोंच्याच्या, अंगावरच्या लांब झग्याच्या, आतून एक कागदाची पुडी काढली. "आचे, तुझ्या आबांनी गुडघ्यासाठी दिलीय. बघ गं जरा, जुनीबिनी नाही ना?" कुन्झेस म्हणाली, "आबांची पूड आणि जुनी? कधी दिली?" "चार दिवस झाले. नवी कुटलीय म्हणाले. सगळ्या गावाला वाटली, थंडी आली ना." "तू घेतलीस?" "घेईन की," असं म्हणून स्पालझेस गिऱ्हाइकाकडे वळली. कुन्झेसनं सवयीनं पुडी उघडली, चिमटीभर पूड बोटावर घेतली आणि जिभेला लावली. अमचीच्या, म्हणजे वैद्याच्या, पोरीला कोणतीही पुडी नुसती बघून परत देता येत नाही. आधी कडू लागलं, बरोबर कडू, लहानपणापासून ओळखीचं. मग त्या कडूच्या पाठोपाठ बारीक, गार, रवाळ अशी एक झिणझिण आली आणि जिभेच्या टोकावर बसून राहिली. तिनं थुंकून टाकलं. बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, परत भरली. झिणझिण जाईना. "काय झालं?" स्पालझेसनं विचारलं. "काही नाही. ही मी ठेवून घेते, तुला दुसरी देते," असं म्हणून तिनं पुडी पिशवीत टाकली. सलगम घ्यायचे राहूनच गेले.

बाजारातून वर खोलीकडे जाताना ती स्वतःला समजावत होती. लवंग असेल. लवंगेनंही जीभ अशीच बधिरते. आबा गुडघ्याच्या पुडीत लवंग घालत नाहीत, पण यंदा घातली असेल, म्हातारपणी माणूस बदलतो. दुपारी तिखट खाल्लं होतं, त्याचं असेल. थंडीनं ओठ फुटलेत, त्याचं असेल. पण जीभ ऐकत नव्हती. जिभेला अकराव्या वर्षापासून माहीत होतं. तेव्हा आबांनी आईचा कमरेचा पट्टा तिच्या डोळ्यांवर बांधला होता आणि एकेक तुकडा तिच्या ओठांत ठेवत विचारलं होतं, हे काय, हे काय, आणि हे? वाळलेलं मूळ डोळ्यांना फसवतं, ते म्हणाले होते. साल काढली की पांढरं आणि काळं सख्ख्या भावांसारखं दिसतं. पांढरं म्हणजे अतिविष, तापावर, सांध्यांवर, तान्ह्या पोरालाही द्यावं असं. काळं म्हणजे बचनाग. ते तेलात शिजवून फक्त वरून चोळायचं, पोटात जाऊ द्यायचं नाही. पांढरं नुसतं कडू लागतं. काळं आधी कडू लागतं आणि मग मुंग्या आणतं. त्या दिवशी आबांनी काळ्याचा तुकडा तिच्या जिभेला फक्त टेकवला होता, एक श्वासभर, आणि लगेच लोण्यानं जीभ पुसून काढली होती. ती रडली होती. ते म्हणाले होते, "रड. रडलीस की विसरणार नाहीस." ती विसरली नव्हती. आता चढावर, फोनच्या दुकानाच्या फळीला टेकून उभी असताना तिला जे आठवायला नको होतं तेही आठवत होतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला, खिंड मिटण्याआधी, आबा डोळे दाखवायला लेहला आले होते आणि पंधरा दिवस तिच्याकडे राहिले होते. एका सकाळी ती न्हायला गेली, स्टोव्हवर दूध ठेवून. बाहेर आली तेव्हा खोली धुरानं भरलेली होती. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, आणि आबा त्याच्यापासून दोन हातांवर भिंतीकडे तोंड करून शांतपणे माळ ओढत बसले होते. "आबा, दूध जळलं!" ती ओरडली तेव्हा ते वळले, धूर बघून दचकले, आणि मग हसत म्हणाले, "ध्यानात होतो." ध्यानात होते. तिनं खिडकी उघडली, पातेलं घासलं आणि विषय संपवला. विषय संपला नव्हता हे तिला पातेलं घासतानाच कळलं होतं. मार्चमध्ये तिनं, गावोगावच्या वैद्यांची तपासणी करणाऱ्या आपल्या संस्थेच्या टेबलावर, युर्गोच्या वैद्याचा वार्षिक फॉर्म पुढे ओढला. वनस्पतींची ओळख: उत्तम. औषध बनवणे: उत्तम. तपासणी कोणी केली, या रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं. बाकी सोळा गावांना ती स्वतः जाऊन, वैद्यांना समोर बसवून, मुळं ओळखायला लावून आली होती. युर्गोला गेली नव्हती. बापाची परीक्षा काय घ्यायची, असं ती ऑफिसात हसत म्हणाली होती, आणि सगळे हसले होते.

तिनं फोन लावला. युर्गोला रेंज फक्त टेकडावर येते, आणि टेकडावर आबा चढत नाहीत. उपकेंद्रातल्या हाजिरा सिस्टरचा फोन बंद होता. परत लावला, बंद. दहा वेळा लावला. सगळ्या गावाला वाटली, असं स्पालझेस म्हणाली होती. चोवीस घरं. चार दिवस. काही झालं असतं तर स्पालझेसच्या कानावर आलं नसतं का? पण स्पालझेस दोन दिवसांपूर्वी निघाली. दोन दिवसांत काय काय होऊ शकतं, हे कुन्झेसला पुस्तकातून पाठ होतं. ओठ बधिर, हातपाय बधिर, उलटी, मग छातीतली लय चुकते. पुस्तकात ते चार ओळींत होतं. तिला त्या चार ओळी चोवीस घरांत दिसू लागल्या.

पहाटेच्या पहिल्या टॅक्सीत ती चालकाच्या शेजारी बसली. मागे सिमेंटच्या पोत्यांसोबत तीन माणसं होती, चालक गाणी लावत होता, आणि ती प्रत्येक वळणावर जीभ दातांखाली धरून बघत होती, अजून काही जाणवतं का. काही जाणवत नव्हतं. म्हणजे भासच होता का? भास असेल तर ती चेष्टा पत्करायला तयार होती. आबा म्हणतील, लेहचं पाणी पिऊन तुझी जीभ बिघडली, आणि ती म्हणेल, हो आबा, बिघडली. रस्ता संपतो तिथे ती उतरली. पुढे तीन तासांची पायवाट तिनं दोन तासांत तोडली. ओढ्यापाशी लाकडं गोळा करणारी एक बाई भेटली. "जुले! अचानक कशी गं?" "गावात सगळे ठीक आहेत ना?" "ठीक नसायला काय झालं?" ती बाई म्हणाली आणि हिच्या तोंडाकडे बघतच राहिली. कुन्झेस थांबली नाही.

आबा छतावर उन्हात बसले होते. पुढ्यात खल, बाजूला कागदाचे चौकोनी तुकडे. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला. "कळवलं नाहीस. चहा टाक, दमलीस." ती उभीच राहिली. "आबा, गुडघ्याच्या पुडीतलं मूळ कोणत्या बरणीतलं?" "कोणत्या म्हणजे? उजवीकडच्या." ती खाली गेली. औषधांच्या खोलीच्या भिंती नव्यानं लिंपलेल्या होत्या, ओल्या मातीचा वास येत होता, आणि फळीवर बरण्या ओळीनं होत्या. उजवीकडच्या बरणीतून तिनं मूळ काढलं, मोडलं, टोक जिभेला टेकवलं. एक श्वासभर. पुरे होतं. तिनं लोणी शोधलं आणि जीभ पुसली. मग डावीकडची बरणी उघडली. त्यातलं मूळ नुसतं कडू होतं.

वर आली तेव्हा आबांनी खल बाजूला सरकवला होता. तिनं दोन्ही मुळं त्यांच्या तळहातावर ठेवली. "कोणतं कोणतं, सांगा." त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली. मग काळं मूळ उचलून सरळ तोंडाकडे न्यायला लागले तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरलं. "भिंत लिंपायला बरण्या काढल्या होत्या," आबा म्हणाले. "परत मीच लावल्या. जागेवरून ओळखतो मी. जागा चुकली."

"वास किती दिवस येत नाही?"

"दोन हिवाळे झाले. तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. आधी वास गेला, मग चव. मीठसुद्धा कळत नाही, कुन्झेस."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू फॉर्मवाली," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "तुला सांगितलं असतं तर तुला लिहावं लागलं असतं. नसतंस लिहिलं तर तुझं पाप. मग नाही सांगितलं."

मला दूध जळलं त्याच दिवशी कळलं होतं, हे सांगायला ती धजली नाही. बापानं तिला वाचवण्यासाठी लपवलं होतं, तिनं बापाला वाचवण्यासाठी डोळे मिटले होते, आणि दोघांच्या या मायेच्या मधोमध चोवीस घरांत पुड्या गेल्या होत्या. "चला," ती म्हणाली. "कोणाकोणाला दिल्या, आठवा." आबा उठले. त्यांचे गुडघे वाजले. त्यांनीही ती पूड घेतली होती का, हे विचारायचं तिला सुचलं तेव्हा ती जिना उतरत होती. ती मागे वळली. "तुम्ही?" "मला कुठे गुडघ्याचं? मला कंबरेचं," ते म्हणाले, आणि क्षणभर, त्या तसल्या वेळीही, तिला हसू फुटलं.

पहिल्या घरी सून होती. "पुडी? आहे ना, थांबा." ती आतून आली ती पाच पुड्या घेऊन. एक नवी होती, बाकीच्या पिवळ्या पडलेल्या. सगळ्या बांधलेल्या, एकीचीही घडी मोडलेली नाही. "एवढ्या?" कुन्झेसच्या तोंडून निघून गेलं. सुनेनं जीभ चावली, सासूकडे बघितलं, सासू चुलीकडे बघत राहिली. आबांनी पुड्या हातात घेतल्या, बघितल्या, आणि पिशवीत टाकल्या. दुसऱ्या घरी पुड्या देवघरात होत्या, लोण्याच्या दिव्यांच्या मागे, पितळी भांडं भरून. घरची म्हातारी अजिजीनं म्हणाली, "तुमच्या हातचं आहे अमचीले, टाकवत नाही. म्हटलं देवाजवळ राहू दे." तिसऱ्या घरी माणूस थेट होता. "खरं सांगू का अमचीले? गेल्या वर्षी पोटाची पूड दिलीत त्यानं अख्खं घर ओकलं. तेव्हापासून नाही घेत. मागची एक गाढवाला दिली. त्याला गुण आला म्हणायचं, लाथा मारतंय." बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "मग दर महिन्याला नाडी दाखवायला का येता?" कुन्झेसनं विचारलं. त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. "नाडी अमचीले बघतात तशी कोण बघणार? माझ्या आईला पोटात गाठ आहे, हे यांनी बोटांनी सांगितलं, लेहच्या मशीननं नंतर सांगितलं. नाडी दाखवतो, काय आहे ते कळतं. मग हाजिराकडून गोळी घेतो."

"आणि ऑफिसला? मला?"

"तुला कोण सांगणार? तू फॉर्म बंद केलास तर खिंड मिटल्यावर सहा महिने आम्ही कोणाला हात दाखवायचा?"

सतरा घरं झाली. प्रत्येक घरात पुड्या होत्या, कणग्यांवर, उशांखाली, एका ठिकाणी तर खिडकीच्या फटीत वारा अडवायला. प्रत्येक बांधलेली पुडी हातात आली की कुन्झेसच्या छातीवरचं एक ओझं उतरत होतं, आणि त्याच वेळी ती आबांकडे बघायचं टाळत होती. दोन वर्षं हे माणूस उन्हाळ्यात डोंगर चढलं होतं, मुळं खणली होती, वाळवली होती, कुटली होती, चौकोनी कागदात बांधली होती. कोणीही मेलं नाही, कारण कोणीही त्यांचं औषध खाल्लं नाही. ती सुटकेचा श्वास घ्यायची आणि तोच श्वास आत जाऊन टोचायचा. पिशवी फुगत चालली होती आणि आबा ती तिला उचलू देत नव्हते. एकदाच, दोन घरांच्या मधल्या भिंतीला टेकून ते म्हणाले, "हुशार आहेत लोक." मग आणखी चार घरं झाली. मग दोन. दोन्हींकडे पुड्या बांधलेल्या. "आता राहिलं कोण?" तिनं विचारलं. "तुंडुप," आबा म्हणाले. मेमे तुंडुप, अख्ख्या गावाचा आजोबा, वरच्या पाणचक्कीपाशी एकटा राहायचा. आबांचा बालमित्र. दोघं एकत्र मेंढ्या वळायला गेलेले, एकाच साली लग्नं झालेली, एकाच साली विधुर झालेले. "तो घेतो. तो आल्या आल्या मागच्या पुडीचा गुण सांगतो." पाणचक्कीच्या वर धूर नव्हता. आबा पळू लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दगडांवरून पळत होता आणि ती मागे पडत होती.

मेमे चुलीजवळ कुशीवर पडला होता. बाजूला ओकारी, आणि ताटलीत उघडलेली पुडी. डोळे उघडे होते. "उर्ग्यान," तो आबांकडे बघत जड जिभेनं म्हणाला, "तोंड माझं नाही राहिलं. हातपण नाहीत." "कधी घेतलीस?" "दुपारी. जुनी संपली, आज नवी काढली." आबा गुडघ्यांवर बसले. मेमेचं मनगट त्यांनी मांडीवर घेतलं आणि तीन बोटं ठेवली. कुन्झेसनं हे हजार वेळा बघितलं होतं, तरी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचं म्हातारपण, लाज, पळून लागलेली धाप, सगळं कुठेतरी गेलं. खोलीत फक्त ती तीन बोटं उरली. "पाच ठोके, मग थांबतो," ते म्हणाले. "मग दोन घाईचे. जा, हाजिराला आण. सलाइन घेऊन ये म्हण. टेकडावरून डॉक्टरला फोन लावायला लाव, बचनाग पोटात गेलाय, काळीज अडखळतंय, असं सांगायला लाव. नाव नीट सांग. लाजू नकोस, कोणी दिलं तेही सांग." ती धावत सुटली.

हाजिरा कारगिलची, तेवीस वर्षांची, या गावात तिचा दुसराच हिवाळा. तिनं एक शब्द विचारला नाही. पेटी उचलली आणि पुढे निघाली. सलाइन लावलं. फोनवरून डॉक्टर सांगत होता तसं कुन्झेस टेकडावरून ओरडून खाली सांगत होती, मधे पाण्याचा आवाज. हलवू नका, पाय वर ठेवा, हे इंजेक्शन असेल तर द्या, ठोके मोजत राहा, गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत पाठवतो. हाजिराच्या पेटीतलं यंत्र थंडीनं बंद पडलं होतं. "मोजायचं कसं?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "ते मोजतायत," टेकडावरून धावत खाली आलेली कुन्झेस म्हणाली. आबांची बोटं हलली नव्हती. आता चार. आता सात. आता थांबला. थांबला तेव्हा तिघांनीही श्वास धरला. चालू झाला. कुन्झेसला वाटत होतं की मेमेचं काळीज त्या तीन बोटांना लटकून आहे, आणि आबांनी बोटं जरा सैल केली तर पडेल. ऊन समोरच्या कड्यावरून वर सरकत गेलं. "नऊ," आबा म्हणाले. "अकरा." आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. मोजायला काही अडखळच उरली नव्हती. हाजिरानं ओढणीनं डोळे पुसले आणि सलाइनच्या बाटलीला उगाचच टिचकी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेमेला खाटेवर घालून खाली रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. माणसं जमेपर्यंत वेळ होता. आबा रात्रभर तिथेच होते. कुन्झेस आली तेव्हा त्यांनी तिला बाहेर दगडावर बसवलं. "तुझा तो कागद काढ. लिही, नाक गेलं, जीभ गेली, औषध चुकलं, माणूस मरता मरता वाचला. आणि नाडी कळते, हेही लिही. एक लिहिलं नि दुसरं गाळलं असं करू नकोस." तिनं लिहिलं. खाली, तपासणी कोणी केली या रकान्याच्या शेजारी, तिनं आणखी एक ओळ लिहिली की ही गोष्ट मला गेल्या हिवाळ्यापासून ठाऊक होती. तिला त्या ओळीचे परिणाम माहीत होते, आणि ते झालेही. पुढच्या वर्षी फॉर्म भरायचं काम तिच्याकडे राहिलं नाही. युर्गोला औषधं लेहहून बंद डब्यांतून जाऊ लागली, आबांनी फक्त नाडी बघायची असं ठरलं. ते ठरायला पाच महिने लागले, आणि ते पाच महिने, खिंड मिटलेली असताना, तिला रोज सकाळी उठल्याबरोबर छातीत धस्स व्हायचं. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी तिनं आबांना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी तिच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि ते आत गेले.

आत मेमे उठून भिंतीला टेकला होता. आवाज परत आला होता. तो म्हणत होता, "एवढी तोंडं पाडून काय बसलात सगळी? मला ठाऊकच होतं तुझं नाक गेलंय ते."

"ठाऊक होतं?" आबा म्हणाले.

"तुझ्या घरी आंबलेलं दही मला गोड म्हणून वाढलंस, दोन वर्षांपूर्वी. गावाला ठाऊक होतं. बायका पुड्या ठेवून देतात, तेही ठाऊक होतं."

"मग तू का खात होतास?"

मेमेनं खांदे उडवले. "तू दिवसभर खल घेऊन बसतोस. एकाने तरी खायला हवी ना."

आबा संतापले. "गाढवा," ते ओरडले, "बिनडोक, म्हाताऱ्या मेंढरा, मेला असतास! माझ्या हातानं मेला असतास!" हाजिरा दारात थबकली. बाहेर खाट घेऊन आलेली माणसंही थबकली. आबा ओरडतच होते, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आणि ओरडता ओरडताच त्यांनी मेमेचं मनगट ओढून मांडीवर घेतलं होतं.

"कालपासून धरलायस," मेमे म्हणाला. "सोड आता. दुखतोय हात."

"गप्प बस," आबा म्हणाले. "मोजतोय."